रोमचं चित्र, पण फिलिपिन्सचं राष्ट्रीय चित्र? हुआन लूनाच्या 'स्पोलियारियम'बद्दल

निळाईवेडा (धागाकर्ता)

नोकरीनिमित्त सध्या मनिलात मुक्काम आहे. इथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात तळमजल्यावरच एक मोठं दालन आहे आणि त्यात हुआन लूनाचं 'स्पोलियारियम' लावलंय. उंची सव्वाचार मीटरच्या आसपास, रुंदी साडेसात मीटरपेक्षा जास्त. एका नजरेत मावतच नाही, मान फिरवत बघावं लागतं.

विषय प्राचीन रोमचा. आखाड्यातली झुंज संपली आहे. मेलेल्या ग्लॅडिएटरांना दोर बांधून फरफटत तळघरात आणताहेत. तिथे त्यांच्या अंगावरची शस्त्रं आणि चिलखतं काढून घेतली जाणार. डावीकडे बघ्यांची गर्दी, मधल्या फरशीवर रक्त. उजवीकडे अंधारात एक म्हातारा मशाल घेऊन आपलं कुणी सापडतंय का ते शोधतोय आणि एक बाई आपल्याकडे पाठ करून जमिनीवर कोसळली आहे.

फिलिपिन्स तेव्हा स्पेनची वसाहत होती. तिथल्या लूनाने हे चित्र रोममध्ये बसून काढलं. १८८४ साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि त्याच प्रदर्शनात फेलिक्स इदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकाराला रौप्य. इदाल्गोचा विषयसुद्धा रोमचाच, जमावापुढे उभ्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिका.

इथे शाळेची मुलं रांगेने येतात आणि शिक्षक त्यांना सांगतात की हे आपलं चित्र. मला मात्र हे पटत नाही. यात फिलिपिन्सचा एक चेहरा नाही, एक झाड नाही, एक झोपडी नाही. स्पेनच्या परीक्षकांना आवडेल असा विषय, युरोपात शिकलेलं तंत्र आणि वर स्पेनचंच पदक. मग राष्ट्रीय अस्मितेचं चित्र ते कसं? माझ्या मते तो मान नंतरच्या काळातल्या फर्नांदो आमोर्सोलो या फिलिपिनो चित्रकाराच्या भातशेतीच्या चित्रांना मिळायला हवा. जाणकारांनी लिहा.

कुंचला

छान धागा. चित्र कुणाचं हे ठरवताना फक्त त्यात काय काढलंय एवढंच बघायचं, हे मला मान्य नाही. त्या पदकानंतर काय झालं ते बघा.

२५ जून १८८४ ला माद्रिदमधल्या एका हॉटेलात लूना आणि इदाल्गोच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तिथे होसे रिसाल बोलला, पुढे फिलिपिन्सचा राष्ट्रनायक ठरला तो. वय तेवीस, वैद्यकीचा विद्यार्थी. प्रतिभेला देशाच्या सीमा नसतात, ती कुठेही उगवते, असा त्याचा सूर होता. आणि 'स्पोलियारियम'बद्दल बोलताना त्याने त्या तळघरात रोम पाहिलाच नाही. त्याला दिसली चिरडली गेलेली माणसं. ओढत नेले जाणारे कोण आणि वर बसून बघणारे कोण, हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येक फिलिपिनो माणसाला उलगडून सांगायची गरज नव्हती.

त्या काळात मनिलात पाद्र्यांचं राज्य होतं. गव्हर्नर बदलायचे, मठ बदलायचे नाहीत. छापायचं म्हटलं तर आधी सेन्सॉर. असं असताना मनिलाच्या रस्त्यावरचा अत्याचार सरळ रंगवून माद्रिदच्या प्रदर्शनात कोण लावू देणार होतं? रोम ही सोय होती.

अण्णा सातारकर

कुंचला, "रोम ही सोय होती" हे लूना स्वतः कुठे म्हणाला आहे का? की रिसालने म्हटलं म्हणून आपण तसं धरून चाललोय?

त्या काळी माद्रिदच्या प्रदर्शनात बक्षिसं घ्यायची तर भव्य ऐतिहासिक चित्र काढावं लागे, हा सरळ व्यवहार होता. लूनाचा गुरू आलेहो व्हेरा त्याच पठडीतला, त्यानेच लूनाला रोमला नेलं. १८८१ मध्ये लूनाने 'क्लिओपात्राचा मृत्यू' काढलं आणि त्याला रौप्यपदक मिळालं. त्यात कुठला फिलिपिनो संदेश शोधणार?

टिंब

अण्णांशी सहमत. पण मग राजा रविवर्माचं काय? तंत्र युरोपचं, तैलरंग युरोपचे, १८९३ ला शिकागोच्या प्रदर्शनात चित्रं पाठवली. तरी लक्ष्मी-सरस्वती आपल्या घरात त्यानेच आणल्या. मळवलीच्या छापखान्यातून निघालेली चित्रं माझ्या पणजीच्या देवघरात होती.

निळाईवेडा

टिंब, पण तिथेच तर फरक आहे! रविवर्म्याने दमयंती काढली, शकुंतला काढली. लूनाने फिलिपिन्सची एखादी पुराणकथा किंवा लोककथा काढली असती तर मी हा धागा काढलाच नसता.

कुंचला

त्यालाही कारण आहे. तीनशे वर्षांच्या मिशनरी राजवटीत जुने देव, जुन्या मूर्ती बऱ्याच ठिकाणी जाळल्या गेल्या. आपल्याकडे इंग्रज आले तेव्हा महाभारत घराघरात जिवंत होतं. लूनाच्या पिढीला शाळेत लॅटिन, रोम आणि संतचरित्रं मिळाली. हाताशी असलेल्या भाषेतच माणूस बोलतो.

मेघना_क

जरा मागे जाऊया का? लूना आणि इदाल्गोपासून सुरुवात केली की असं वाटतं, फिलिपिनो चित्रकला माद्रिदमध्येच जन्मली. तसं नाही.

१८२१ मध्ये दामियान दोमिंगो नावाच्या चित्रकाराने मनिलातल्या तोंदो भागात चित्रकला शाळा काढली. आपलं जे. जे. १८५७ चं, म्हणजे त्याच्या छत्तीस वर्षं नंतरचं. योगायोग म्हणजे लूनाचा जन्मही १८५७ चाच. दोमिंगो जलरंगात वेगवेगळ्या व्यवसायांची आणि जातींची माणसं काढायचा. मेस्तिसो (मिश्र वंशाचा) व्यापारी, दूधवाली, गावचा मुखिया, कोंबडा काखेत धरलेला माणूस. प्रत्येकाच्या कपड्यांवरून त्याचा दर्जा कळतो. आपल्याकडच्या कंपनी शैलीच्या चित्रांची आठवण येते. ही चित्रं परदेशी व्यापारी आणि प्रवासी आठवण म्हणून विकत घ्यायचे. म्हणजे बघणारा बाहेरचाच. पण काढणारा इथला आणि चेहरेही इथले.

मग १८३४ मध्ये मनिला बंदर जगाच्या व्यापाराला अधिकृतपणे खुलं झालं. साखर आणि अबाका म्हणजे मनिला दोराचा धागा, यांत स्थानिक मेस्तिसो कुटुंबांनी पैसा केला. पैसा आला की माणसाला स्वतःचं चित्र हवं असतं. सिमोन फ्लोरेसची व्यक्तिचित्रं बघा. त्यातल्या बायकांच्या अंगावर अननसाच्या पानांच्या तंतूंचं पारदर्शक कापड असतं, त्याला पिन्या म्हणतात. त्यावरच्या भरतकामाचा टाका न् टाका फ्लोरेसने रंगवलाय. कापडाआडून खालच्या बाहीचा रंग दिसतो, इतकं पातळ. नाकडोळे थोडे ठोकळेबाज असतील, पण पदरावरचं फूल मात्र मोजून घ्यावं. त्या चित्रात ती कुटुंबं सांगताहेत की आम्ही कोण आहोत ते बघा. मला तर अस्मितेची सुरुवात तिथे दिसते.

चिंचवडची सई

मेघनाताई, सुरेख लिहिलंत. अक्षरांची चित्रं काढणारा एक जण होता ना त्या काळात? नावाच्या प्रत्येक अक्षरात माणसं गुंफलेली?

मेघना_क

हो सई, होसे ओनोरातो लोसानो. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं आणि त्यातलं प्रत्येक अक्षर मनिलाच्या लोकांच्या आकृत्यांनी बनवायचं. कोणी कोंबड्यांची झुंज लावतोय, कोणी झाडावर चढतोय, कोणी ओझं घेऊन चाललाय. मागे नदी, पूल, चर्च. नाव बहुतेक वेळा स्पॅनिश गिऱ्हाइकाचं असायचं, पण ते उभं राहायचं स्थानिक माणसांच्या अंगावर. ती चित्रं बघताना मला हे सारखं जाणवतं.

रानवाट

बासी बंडाची चित्रं कुणी पाहिली आहेत का? गेल्या वर्षी व्हिगानला गेलो होतो, तिथल्या संग्रहालयात चौदा चित्रांची मालिका आहे. बासी म्हणजे उसाची दारू. इलोकोस भागात घरोघर करायचे. सरकारने मक्तेदारी लादली, घरी गाळायला बंदी केली. १८०७ मध्ये लोक उठले, स्पॅनिश फौजेने मोडून काढलं. ही चित्रं एस्तेबान व्हियानुएवाने १८२१ साली काढली.

एका चित्रात आकाशात मोठा धूमकेतू आहे. त्या वर्षी खरोखरच धूमकेतू दिसला होता. पुढच्या चित्रांत लढाई, मग फाशी, मग कापलेली मुंडकी. सैनिक खेळण्यासारखे एका रांगेत उभे. छाया-प्रकाश, अंतराचा हिशोब, काही शिकलेला नाही हा माणूस. ही चित्रं सरकारच्या बाजूनेच काढलेली, बंडखोरांचं काय होतं हे दाखवायला. पण आज तिथला माणूस ती कशी बघतो? आपल्या गावातल्या लोकांनी केलेलं बंड म्हणून. हे निळाईवेडा यांच्या प्रश्नाला लागू पडतं असं मला वाटतं.

अण्णा सातारकर

रानवाट, हा मुद्दा मोलाचा आहे. पण मग काढणाऱ्याच्या हेतूला काहीच किंमत उरत नाही का?

लूनाचीच दुसरी बाजू बघा. १८८६ सालचं त्याचं 'स्पेन आणि फिलिपिन्स'. दोन बायका पायऱ्या चढताहेत, पाठमोऱ्या. गोरी, उंच, लाल वस्त्रातली स्पेन. तिने शेजारच्या सावळ्या फिलिपिन्सच्या कमरेला हात घातलाय आणि दुसऱ्या हाताने पुढचा उजेड दाखवतेय. पायऱ्यांवर फुलं. याला मी वसाहतवादाची जाहिरात म्हणतो. पुढच्याच वर्षी 'लेपांतोची लढाई' हे चित्र, खुद्द स्पेनच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहासाठी. हा माणूस 'स्पोलियारियम'मध्ये बंडखोर आणि दोन वर्षांनी राजनिष्ठ, असं कसं?

कुंचला

अण्णा, त्या पिढीची मागणी स्वातंत्र्याची नव्हती. स्पेनच्या संसदेत फिलिपिन्सचे प्रतिनिधी हवेत, कायदा सर्वांना सारखा हवा, पाद्र्यांची सत्ता कमी व्हावी, एवढंच. आपल्या सुरुवातीच्या नेमस्तांसारखं. दादाभाई ब्रिटिश संसदेत निवडून गेले म्हणून त्यांचं 'संपत्तीचं अपहरण' खोटं ठरत नाही. त्या चित्रातली सावळी बाई गोरीच्या शेजारून चालतेय, मागून नाही. १८८६ मध्ये मनिलातल्या पाद्र्यांना तेवढंही झोंबलं असेल.

धनुर्धर

यात एक चित्र राहिलं. 'रक्ताचा करार', तेही १८८६ चं. मनिलाच्या नगरपालिकेने लूनाला शिक्षणासाठी भत्ता दिला होता, त्याची परतफेड म्हणून काढलेलं. १५६५ मध्ये बोहोल बेटावर तिथला प्रमुख सिकातुना आणि स्पॅनिश सेनानी लेगास्पी यांनी दंडातलं रक्त प्यालात मिसळून प्यायलं आणि मैत्रीची शपथ घेतली, तो प्रसंग.

टेबलाच्या एका बाजूला चिलखतातला लेगास्पी आणि त्याची माणसं, सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे. अलीकडे सिकातुना एकटा, आपल्याकडे पाठ. आणि ही पाठ कुणाची? होसे रिसालची. लूनासाठी तो सिकातुना होऊन बसला. लेगास्पीसाठी बसला त्रिनिदाद पार्दो दे ताव्हेरा, म्हणजे लूनाचा होणारा मेव्हणा.

नगरपालिकेला चित्र आवडलं, कारण त्यात बेट राजीखुशीने स्पेनकडे येताना दिसतं. पण करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, आन्द्रेस बोनिफासियोने कातिपुनान या गुप्त संघटनेच्या वर्तमानपत्रात हाच रक्ताचा करार मांडला. आम्ही तीनशे वर्षं तुम्हाला पोसलं, तुमच्यासाठी लढलो, तुम्ही काय दिलंत? असा तो लेख आहे. करार तुम्ही मोडलात, आता आम्ही बांधील नाही, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी क्रांती सुरू झाली आणि ३० डिसेंबरला रिसालला गोळ्या घातल्या.

चिंचवडची सई

अंगावर काटा आला. त्या पाठमोऱ्या माणसाचं पुढे काय होणार, हे तेव्हा काढणाऱ्याला कुठे ठाऊक होतं.

मेघना_क

धनुर्धर, मेव्हण्याचा उल्लेख केलात म्हणून हेही लिहिते. सप्टेंबर १८९२ मध्ये पॅरिसमध्ये लूनाने संशयापोटी आपली बायको पास आणि सासू या दोघींना गोळ्या घालून मारलं. फ्रेंच कोर्टाने पुढच्या वर्षी त्याला निर्दोष सोडलं. राष्ट्रपुरुष म्हणून त्याचं नाव घेताना ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, तेही 'दुःखद प्रसंग' म्हणून. तो खून होता. तिचं नाव पास पार्दो दे ताव्हेरा. 'स्पोलियारियम' थोर चित्र आहे हे मला मान्य आहे आणि हेही सांगितलं गेलं पाहिजे.

अण्णा सातारकर

मेघनाताई, पूर्ण सहमत.

वसईवाला

थोडं विषयांतर करतो, मंडळी सांभाळून घ्या. मनिला आणि वसई यांचं नातं फार जुनं. आमचे संत गोन्सालो गार्सिया वसईचे. व्यापारानिमित्त पूर्वेकडे गेले, मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि तिथून जपानला गेले. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर त्यांना मारलं. आमच्याकडे दरवर्षी त्यांचा सण मोठा होतो. चर्चमध्ये लहानपणापासून संतांच्या तसबिरी बघितल्या, सगळे गोरे, निळ्या डोळ्यांचे. गोन्सालो तर आमच्याच मातीतले, तरी तेही गोरे! फिलिपिन्समध्ये कुणी सावळी मारियामाय काढली का हो?

मांडवीकाठ

वसईवाला, काढली. १९३८ मध्ये गालो ओकाम्पोने 'तपकिरी मॅडोना' काढली. फिलिपिनो चेहरा, फिलिपिनो पेहराव, मागे बांबूचं घर आणि आपल्याकडे असतात तशी झाडं.

आणि आपला माणूस त्याच्याही आधीपासून हेच करत होता. आंजेलो दा फोन्सेका, गोव्यातल्या सांतेस्तेव्हचे. जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथांकडे शिकले. परत येऊन साडी नेसलेली मारिया काढली आणि गोव्यात टीकेचा भडिमार झाला. शेवटी पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि आयुष्यभर तेच काढत राहिले. त्यांची बरीच चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. पोर्तुगीज गोवा आणि स्पॅनिश-अमेरिकन फिलिपिन्स, दोन्हीकडे हाच प्रश्न पडला होता. देव आपल्यासारखा का दिसू नये? मला हा प्रश्न लूनाच्या पदकापेक्षा जास्त खोल वाटतो.

वसईवाला

देव बरे करो. पर्वरीला नक्की जाणार.

निळाईवेडा

सगळ्यांचे आभार, चर्चा मस्त चालली आहे. पण आमोर्सोलोबद्दल कुणी काही लिहिलंच नाही. १८९८ मध्ये स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. त्यानंतरच्या काळात फर्नांदो आमोर्सोलोने जे रंगवलं त्यात फिलिपिन्स पुरेपूर आहे. भात लावणाऱ्या बाया, डोक्याला बांधलेली फडकी, चिखल, मागून आलेलं ऊन. केसांच्या कडेला त्या उन्हाची जी सोनेरी रेघ येते ती फक्त त्याचीच. १९७२ मध्ये देशाचा पहिला 'राष्ट्रीय कलाकार' हा मान त्यालाच मिळाला, तोही मृत्यूनंतर लगेच. लोकांचं प्रेम लोकांनीच ठरवलं.

टिंब

त्याने एका जिनच्या बाटलीचं लेबलही केलंय. देवदूत सैतानाला तुडवतोय, तेच ते. आजही बाटलीवर आहे. म्हणजे संग्रहालयातही तो आणि गुत्त्यातही तोच. याहून राष्ट्रीय कलाकार कोण असणार :)

कुंचला

टिंब, हाहा, खरंय.

निळाईवेडा, आमोर्सोलो मलाही आवडतो. त्याचं ऊन खोटं नाही, पण त्याच्या शेतात एक गोष्ट कधीच दिसत नाही. जमीन कुणाची? भात लावणारी बाई कधी थकत नाही, तिच्या कपाळावर आठी नाही, सावकार नाही, खंड नाही. ही चित्रं कोण घ्यायचं? मनिलातले अमेरिकन अधिकारी, पर्यटक, आणि ज्यांच्या जमिनी होत्या ती घराणी. त्याच्या भातलावणीची चित्रं पर्यटनाच्या पत्रकांवर छापली गेली.

संदर्भ बघा. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेने फिलिपिन्समधून हजाराहून जास्त माणसं नेऊन ४७ एकरांवर 'गावं' वसवली आणि लोकांना बघायला ठेवली. १९०७ ते १९१९ फिलिपिनो झेंडा लावायलाही बंदी होती. अशा काळात हसरं, उन्हातलं खेडं हे प्रेमानेच काढलेलं असू शकतं. पण राज्यकर्त्यालाही ते चित्र फार सोयीचं होतं. 'बघा, किती सुखी आहेत.'

१९२८ मध्ये व्हिक्टोरियो एदादेस अमेरिकेतून शिकून परत आला. शिकताना तो अलास्कात मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करायचा. मनिलात त्याने 'बांधकाम करणारे' नावाचं चित्र लावलं. मातकट, काळपट रंग, वाकडीतिकडी अंगं, दगडाशी झटणारे मजूर. लोकांना ते कुरूप वाटलं. पुढे शिल्पकार तोलेन्तिनो आणि त्याचा वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला.

निळाईवेडा

जमीन कुणाची हा प्रश्न रास्त आहे. तरीही माझ्या ऑफिसातल्या मुलीच्या घरी भिंतीवर आमोर्सोलोची छापील प्रत आहे, 'स्पोलियारियम'ची नाही. तिची आजी नुएव्हा एसिहा भागातल्या भातशेतीवर राबली. त्या आजीला ते चित्र खोटं वाटत नाही, उलट ती त्यात स्वतःला बघते. सोयीचं म्हणून ते तिच्याकडून काढून घेता येणार नाही.

रानवाट

आणि हेच 'स्पोलियारियम'लाही लागू आहे. ते चित्र बार्सिलोनाच्या प्रांतिक सरकारने २०,००० पेसेतांना विकत घेतलं. स्पेनच्या यादवी युद्धात त्याचं नुकसान झालं, माद्रिदला दुरुस्ती झाली. १९५८ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने ते फिलिपिन्सला दिलं. काढलं रोममध्ये, बक्षीस माद्रिदला, मालकी बार्सिलोनाची. ज्यांनी त्यात स्वतःला बघितलं त्यांच्याकडे ते शेवटी आलं. लूनाच्या मनात काय होतं याचा निकाल लागो न लागो, रिसालच्या त्या भाषणानंतर ते चित्र रोमचं राहिलं नव्हतं.

अण्णा सातारकर

हेतूचा मुद्दा मी सोडत नाही, पण लूनाच्या बाजूने एक नोंद हवी. १८९६ मध्ये त्याला आणि त्याचा भाऊ आन्तोनियोला मनिलात अटक झाली. पुढच्या वर्षी सुटका. मग तो क्रांतीचा नेता आग्विनाल्दो याच्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून पॅरिस आणि वॉशिंग्टनला धडपडत होता. आन्तोनियो क्रांतिसेनेचा सेनापती, त्याला जून १८९९ मध्ये आपल्याच सैनिकांनी मारलं. त्याच डिसेंबरात हुआन हाँगकाँगला वारला. पायऱ्या चढणाऱ्या दोन बायका काढणारा माणूस बारा-तेरा वर्षांत कुठल्या कुठे आला होता.

दिवेलागण

आजवर नुसतं वाचत होते, आज लिहिते. लेक दावावला वैद्यकीला आहे, डिसेंबरात तिला भेटायला जाणार आहोत आणि दोन दिवस मनिलात काढणार. संग्रहालयात 'स्पोलियारियम'शिवाय काय चुकवू नये? तिकीट आधी काढावं लागतं का?

निळाईवेडा

ताई, प्रवेश मोफत आहे. सकाळी लवकर जा, नंतर शाळांच्या सहली येतात. 'स्पोलियारियम'च्या समोरच्या भिंतीवर इदाल्गोचं प्रचंड मोठं चित्र आहे, त्याकडे लोक पाठ करून उभे राहतात. तुम्ही वळून बघा. १७१९ मध्ये मनिलात गव्हर्नर बुस्तामान्तेचा खून झाला, तो प्रसंग. झग्यातले पाद्री त्याला जिन्यावरून खाली ओढताहेत. यात रोमबिम काही नाही, सगळं मनिलातलंच.

मेघना_क

आणि वरच्या मजल्यावर बोतोंग फ्रान्सिस्कोची म्युरल्स बघा, पूर्वी मनिलाच्या सिटी हॉलमध्ये होती. वेळ असेल तर फ्लोरेसची व्यक्तिचित्रं जवळून. पिन्याच्या बाह्यांसाठी चष्मा विसरू नका.

दिवेलागण

धन्यवाद मंडळी. लेकीला धाग्याची लिंक पाठवली आहे, तिच्या फिलिपिनो मैत्रिणीही सोबत येणार म्हणताहेत. त्या काय म्हणतात ते येऊन लिहीन.